नित्यकर्म आणि जुन्या घरातील पाणी

कोकणातील जुन्या घरात राहणाऱ्या मनुष्याला पाण्याविषयी दोन परस्परविरुद्ध तक्रारी एकाच वर्षात कराव्या लागतात. रत्नागिरीस वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तो बहुतेक सारा चार महिन्यांत कोसळतो, आणि ज्या घराच्या भिंती श्रावणात ओल धरून बसतात त्याच घराच्या विहिरीचा तळ वैशाखात दिसू लागावा, हा येथील शिरस्ता आहे. या दोन टोकांच्या दरम्यान घरातील पाण्याची लहानसहान कुरकुर बारमाही चालूच असते. तोटी गळते, मोरी तुंबते, न्हाणीघराच्या भिंतीवर डाग उमटतो. मिस्त्री येतो, जोड उकलतो, पुन्हा बसवितो आणि मजुरी घेऊन जातो. आणि पुढचा पावसाळा येतो न येतो तोच दोन हात पलीकडे तोच प्रकार नव्याने सुरू होतो. हा अनुभव इतका सर्वसामान्य आहे की त्यात तत्त्वज्ञानाचा एखादा प्रश्न असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु जे केले तरी पुन्हा करावेच लागते ते केले असे म्हणता येईल काय, आणि ज्या श्रमाचे फळ टिकत नाही तो श्रम पुरुषार्थाच्या हिशेबात कोणत्या सदरी जमा धरावयाचा, हा प्रश्न आपल्या शास्त्रकारांनी फार गांभीर्याने हाताळलेला आहे. आणि त्यांचा निवाडा जुन्या घराच्या धन्याला आजही आधार देईल, अशी माझी खात्री आहे.

प्रथम या घरांची जुनी व्यवस्था ध्यानात घ्यावी. रत्नागिरीचे जुने घर जांभ्या चिऱ्यांचे. हा दगड खाणीतून निघतो तेव्हा हत्याराने सहज तासता येण्याइतका मऊ असतो आणि वाऱ्यावर राहिल्याने कठीण होतो. मात्र त्याच्या अंगची छिद्रे शेवटपर्यंत उघडीच राहतात, आणि त्यामुळे त्या भिंती पाणी पितात. जुन्या चुन्याच्या गिलाव्यातून ही ओल जशी आत येई तशी उन्हाळ्यात निघूनही जाई. आणि मुख्य म्हणजे वाहते पाणी मूळ घराच्या भिंतींत नव्हतेच. विहीर परसात, रहाटाने काढलेले पाणी दगडी डोणीत, तेथून ते पाटाने किंवा पोफळीच्या पन्हळीने माडांच्या आळ्यांत, न्हाणीघर मागील अंगास, आणि त्याचे सांडपाणी केळीच्या व अळवाच्या वाफ्यात. ही सारी व्यवस्था उघडी होती. पन्हळ चिरली तर ती शिंपणे करणाऱ्याच्या डोळ्यांदेखत चिरे, पाट फुटला तर तो पायाने ओढलेल्या मातीने तिथल्या तिथे बुजविला जाई, आणि पाणी देणे व पाण्याची वाट नीट राखणे ही दोन वेगळी कामे आहेत असे कोणास वाटतच नसे.

पुढे नळ आले. नगरपालिका १८७६ साली स्थापन झालेल्या या शहराला आज प्रामुख्याने शीळच्या धरणाचे पाणी मिळते, आणि ज्या स्त्रियांच्या पिढ्यान्‌पिढ्या रहाटाचा दोर ओढण्यात आणि डोक्यावर हंडा-कळशी वाहण्यात गेल्या त्यांच्या दृष्टीने नळाचे उपकार अनंत आहेत, हे मोकळ्या मनाने मान्य केलेच पाहिजे. परंतु नळ आले ते भिंतींना खाचा पाडून चिऱ्यांच्या पोटात शिरले, वर सिमेंटचा गिलावा बसला, आणि पाण्याची जी वाट आजवर डोळ्यांसमोर होती ती दृष्टीआड झाली. दोष घडणे आणि दोष कळणे यांत तेव्हापासून महिन्यांचे, कधी वर्षांचे अंतर पडू लागले.

हा दोष का घडतो, हेही पाहण्यासारखे आहे. जांभ्याच्या मुलखातील पाण्यात चुन्याचा अंश थोडा आणि पाणी किंचित आम्ल; त्यामुळे अन्य प्रांतांत नळाच्या आतून चुन्याचा जो पातळ थर बसून लोखंडाचे रक्षण होते तो येथे फारसा बसत नाही. लोखंडी नळावर जस्ताचा मुलामा देतात, आणि त्या जस्ताचा धर्म असा की ते स्वतः झिजते आणि जवळच्या लोखंडाला झिजू देत नाही. पण नळाला आटे पाडताना तोच मुलामा खरवडला जातो आणि नळाची जाडीही घटते, म्हणून गळती बहुधा जोडावर सुरू होते. त्यात पाणी येते ठरल्या वेळी. ते थांबल्यावर रिकाम्या नळात हवा शिरते, आणि पाणी व हवा यांच्या या आळीपाळीच्या सहवासात गंज चढतच जातो. बाहेरून समुद्राचे खारे वारे आपले काम करीत असतात ते वेगळेच.

आमच्या घरातील भिंतीतला असाच एक तुकडा कापून मिस्त्रीने उजेडाकडे धरला तेव्हा बाहेरून पाऊण इंचाच्या दिसणाऱ्या त्या नळात तांबूस-काळ्या गंजाचे थरावर थर चढलेले होते आणि मधून शिसपेन्सिल कशीबशी जाईल एवढीच वाट उरली होती. नव्या तुकड्याच्या आट्यांवर सुती दोरा गुंडाळून त्यावर बोटाने सफेदा फाशीत तो म्हणाला, “काका, हा बदलला की पुढला बोलणार बघा. इथं पाण्याला वाट मिळाली की त्याचा जोर पुढच्या जोडावर.” त्याच्या या बोलण्यात एक फार मोठे सत्य आहे. मागच्या दुरुस्तीत कसूर राहिली म्हणूनच पुढची दुरुस्ती निघते असे नाही. कित्येकदा मागची चांगली झाली म्हणूनच पुढची निघते, कारण एक जागा सशक्त होताच तिच्या खालोखाल दुर्बळ असलेली जागा उघडकीस येते. सबंध नळ एका वेळी बदलला तरी हा क्रम लांबतो, मोडत नाही. प्लास्टिकचे नळ गंजत नाहीत, पण उन्हाने ठिसूळ होतात, आणि त्यांच्या तोट्यांतले वायसर लोखंडी नळाच्या तोट्यांतल्याप्रमाणेच झिजतात.

आता शास्त्राकडे वळू. मीमांसकांनी विहित कर्मांचे तीन वर्ग केले. पाऊस पडावा म्हणून करावयाची कारीरी इष्टी हे काम्य कर्म. ग्रहण लागले, मूल जन्मले, अशा निमित्ताने प्राप्त होते ते नैमित्तिक. आणि संध्या, अग्निहोत्र यांसारखी जी कर्मे कोणत्याही फळाच्या लोभाने नव्हे, तर कर्ता जिवंत आहे एवढ्याच कारणाने करावयाची, ती नित्य. काम्य कर्माला शेवट असतो. इच्छिलेले फळ मिळाले की ते संपले, आणि न मिळाले तर ते फसले. नित्यकर्माला असा शेवट नाही. अग्निहोत्राला शतपथब्राह्मणाने जरामर्य सत्र म्हटले आहे. म्हणजे त्यातून कर्त्याची सुटका एक तर जरेने होते, नाहीतर मृत्यूने. आपले दुःख असे की घराची दुरुस्ती आपण काम्य कर्म म्हणून करतो. ‘एकदाचे काय ते कायमचे करून टाकू’ या संकल्पाने आपण खर्च करतो, आणि पुन्हा थेंब दिसला की कर्म फसल्याचा शोक करतो. परंतु कायमचेपण हे या कर्माचे फळ कधी नव्हतेच. आज संध्या केली म्हणून उद्याची संध्या टळत नाही, आणि उद्या करावयाची आहे म्हणून आजची व्यर्थ जात नाही. ज्या दिवशी घरातील माणसांना शुद्ध पाणी मिळाले आणि सांडलेले पाणी आपल्या वाटेने निघून गेले त्या दिवसाचे कर्म त्या दिवशी पूर्ण झाले.

नित्यकर्माविषयी मीमांसकांचा आणखी एक निर्णय आहे, आणि तो मला अत्यंत करुणेचा वाटतो. काम्य कर्म सर्व अंगांसह यथासांग झाले तरच फळते. नित्यकर्म मात्र यथाशक्ती केले, एखादे अंग राहून गेले, तरी ते घडले असे धरले जाते. कारण ते आयुष्यभर करावयाचे, आणि आयुष्यात सर्व दिवस सारख्या सामर्थ्याचे नसतात. निवृत्तिवेतनावर दिवस काढणारा गृहस्थ सबंध घराचे नळ बदलू शकत नसेल, पण गळणाऱ्या तोटीचा वायसर बदलू शकतो, मोरीची जाळी रोज साफ करू शकतो, आणि पावसाळ्याआधी पन्हळीतला पाचोळा काढू शकतो. तेवढ्याने त्याचे कर्म अपुरे ठरत नाही. ऐतरेय ब्राह्मणात तर अग्निहोत्राची धार काढताना दूध सांडले तर काय करावे याचाही विचार आहे: उरलेले दूध आहुतीला पुरेसे असेल तर तेच अर्पण करावे, आणि सगळेच सांडले असेल तर दुसरी गाय दोहून कर्म पुढे चालवावे. ज्यांनी हा विधी सांगितला त्यांना सांडणे हा कर्माचा अपवाद वाटत नव्हता. माणसाच्या हातून सांडणारच हे गृहीत धरून त्यांनी त्याची तरतूद कर्माच्या आतच करून ठेवली.

येथे एक शंका उभी राहते, आणि ती साक्षात शंकराचार्यांची असल्यामुळे तिला बगल देता येत नाही. नित्यकर्म न केल्याने प्रत्यवाय लागतो असे म्हणतात. पण न करणे हा केवळ अभाव आहे, आणि अभावातून भावरूप दोष कसा उत्पन्न व्हावा, असा आक्षेप आचार्यांनी गीताभाष्यात घेतला आहे. तैत्तिरीयभाष्याच्या उपोद्घातात त्यांनी त्याची उपपत्ती लावली ती अशी की पूर्वी साचलेले दुरित आपले फळ देणारच असते, आणि नित्यकर्माचे अकरण हे त्याचे लक्षण होय, कारण नव्हे. जुन्या घरात हा विचार डोळ्यांना दिसतो. आपण मिस्त्रीला बोलावणे लांबविले म्हणून गंज जन्माला आला नाही. लोखंड आणि पाणी एकत्र आले त्या दिवसापासूनच तो चालू होता, आपल्या दुर्लक्षाने त्याला फक्त वाव मिळाला. या विचाराने गृहस्थाच्या माथ्यावरचा अपराधाचा भार हलका होतो. पूर्वजांनी बांधलेले घर आपल्या हयातीत गळू लागले म्हणून आपण कुलाला उणेपण आणले, असे मानण्याचे कारण नाही. परंतु अपराध टळला म्हणून कर्तव्य टळत नाही. १८५६ साली याच रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात गीतारहस्य लिहून आचार्यांच्या संन्यासपर अर्थाशी जो वाद मांडला त्याचा गाभा हाच, की ज्ञान झाल्यावरही कर्म सुटत नाही, ते लोकसंग्रहासाठी करीतच राहावे लागते.

लोकसंग्रह हा शब्द नळाच्या गळतीला फार मोठा वाटेल. पण तसे नाही. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर सेकंदाला एक थेंब गाळणारी तोटी दिवसाला चार लिटरांहून अधिक आणि वर्षाला दीड हजार लिटरांहून अधिक पाणी वाया घालविते. आणि ज्या जिल्ह्यात वैशाखात कित्येक वाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते तेथे ही उधळपट्टी खासगी बाब राहत नाही. त्याहून गंभीर गोष्ट अशी की पाणी बंद झाल्यावर रिकाम्या होणाऱ्या नळातील दाब उतरतो आणि ज्या चिरेतून पाणी बाहेर जात होते त्याच चिरेतून भोवतालची ओल आत ओढली जाते. तेथे जवळच गटार असेल तर कावीळ आणि अतिसार यांना घरात शिरण्यास दुसरी वाट लागत नाही. अशा वेळी आपल्या आळसाची बाकी शेजारच्या घरातील मूल फेडते.

हा विचार धर्मशास्त्राने फार पूर्वी केला होता. यज्ञयागांना ‘इष्ट’ आणि विहिरी, तळी, देवालये, उद्याने लोकांसाठी निर्माण करण्याला ‘पूर्त’ अशी नावे देऊन त्यांनी पाण्याची सोय यज्ञाच्या पंक्तीला आणून बसविली, आणि वैदिक कर्माचा अधिकार ज्यांना नाकारला होता त्या शूद्रांना व स्त्रियांना पूर्तधर्माचा अधिकार दिला. याच जिल्ह्यात १८८० साली जन्मलेल्या महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात या पूर्ताची आणि जीर्णोद्धाराचीही सविस्तर चर्चा केली आहे. अग्निपुराणातील जीर्णोद्धाराचा विधी वाचताना तर त्याच्या व्यवहारदृष्टीचे मोठे आश्चर्य वाटते. भग्न झालेली मूर्ती लाकडाची असेल तर अग्नीत द्यावी, पाषाणाची असेल तर पाण्यात सोडावी, धातूची किंवा रत्नाची असेल तर अगाध जलात वा समुद्रात; आणि तिच्या जागी त्याच प्रमाणाची, त्याच द्रव्याची नवी मूर्ती त्याच दिवशी स्थापावी. विहिरी, बारव, तळी यांच्या जीर्णोद्धाराचे फळ मोठे आहे, हेही तेथेच सांगितले आहे. त्यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक, दिवस न दवडता करणे हा विधीचाच भाग आहे. चिंधी बांधून पुढच्या महिन्यावर ढकललेली दुरुस्ती जीर्णोद्धार नव्हे. आणि दुसरी, जीर्ण वस्तूचा मोह धरण्यास शास्त्र सांगत नाही. ज्या मूर्तीची आजवर पूजा केली तीही भग्न झाल्यावर जर विसर्जित करावयाची, तर गंजलेल्या नळाला, आजोबांनी बसविला म्हणून, कवटाळून बसण्यात कोणता धर्म? जपावयाचे आहे ते घरातील पाण्याचे चलनवलन. त्याकरिता जुने राहू द्यावे लागेल तेथे राहू द्यावे आणि काढावे लागेल तेथे निःशंकपणे काढावे.

या विषयातील सर्वांत अवघड भाग मात्र अजून उरला आहे. शास्त्राने पूर्ताचे दार सर्वांना उघडे केले खरे, पण व्यवहाराने अस्पृश्य मानलेल्यांना पाणी बंद केले. आणि त्याविरुद्ध १९२७च्या मार्चमध्ये महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. निर्मळ पाण्याचा मान एकाने घ्यावा आणि त्याच पाण्याचा मळ मात्र दुसऱ्याच्या जातीवर लादावा, ही वाटणी आपल्या धर्मजीवनाला लागलेली खरी कीड होय. काम आणि ते करणारे हात यांच्या मानातली ही तफावत अन्यत्रही दिसते. रोमचा फ्राँटिनस हा पूर्वी ब्रिटनचा सुभेदार राहिलेला थोर अधिकारी. इसवी सन ९७मध्ये सम्राट नेर्व्हाने त्याला शहराच्या पाणीपुरवठ्याची देखरेख सांगितली, तेव्हा त्याने या खात्याची बारीकसारीक माहिती गोळा करून ग्रंथ लिहिला, आणि जलवाहिन्यांच्या अखंड डागडुजीसाठी राबणाऱ्या सुमारे सातशे माणसांची नोंद त्यात केली. पण ती सातशे माणसे गुलाम होती. त्याने कामाला प्रतिष्ठा दिली, हातांना नाही.

ते कार्य आमच्या जिल्ह्यातील एका सत्पुरुषाने केले. अप्पासाहेब पटवर्धन (१८९४–१९७१) सत्याग्रहाच्या काळात रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी मागितले काय, तर भंगीकाम करण्याची परवानगी. ते काम ठरावीक जातीच्या कैद्यांचेच, हा तुरुंगाचा दस्तूर. म्हणून सरकारने नकार दिला. त्यावर त्यांनी अन्नाचा संकोच करून सत्याग्रह आरंभिला, आणि डिसेंबर १९३२मध्ये येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी त्यांच्यासाठी उपवास सुरू केला, तेव्हा सरकारला त्या प्रश्नाचा फेरविचार मान्य करावा लागला. पुढे कणकवलीजवळ गोपुरी आश्रम स्थापून त्यांनी मैला हाताने उचलावा लागू नये अशा संडासांचा प्रचार करण्यात आयुष्य घातले. तुरुंगातील त्या मागणीकडे मी धर्मशास्त्राच्या दृष्टीने पाहतो तेव्हा मला तिच्यात नित्यकर्माचा शुद्ध अर्थ दिसतो. जे कर्म मी जगतो म्हणून उत्पन्न होते ते दुसऱ्याच्या माथी मारून माझे होत नाही. संध्या जशी दुसऱ्याकडून करवून घेता येत नाही, तशी आपल्या सांडपाण्याची जबाबदारीही पूर्णपणे देऊन टाकता येत नाही. कौशल्याचे काम कारागिराने करावे, त्याची मजुरी घासाघीस न करता त्याच दिवशी चुकती करावी. पण मोरीत हात घालण्यास ज्याला कमीपणा वाटतो त्याने देवघरातील शुचितेविषयी बोलण्याचा अधिकार गमावला, असे मी समजतो.

आज रत्नागिरीच्या आसपास कितीतरी जुनी घरे कुलूपबंद आहेत. सातबाऱ्यावर वारसांची लांबलचक नावे, माणसे मुंबई-पुण्यात, गणपतीला आठ-दहा दिवस घर उघडायचे आणि पुन्हा कडी घालायची. आणि सामायिक मालकीचा खर्च कोणी करावयाचा हा फैसला दरवर्षी तहकूब. अशा घरांना मुसळधार पावसाइतकाच ‘माझे एकट्याचे थोडेच आहे’ या वाक्याचा मार लागतो. त्यांच्या वारसांना माझे सांगणे इतकेच की, घर ठेवावयाचे असेल तर त्याचे नित्यकर्म कोणाकडे हे ठरवून, त्यासाठी वार्षिक रक्कम मुकरर करून, नळ कोणत्या भिंतीतून कोठे जातो, पाणी बंद करण्याची चावी कोठे आहे आणि कोणता जोड केव्हा बदलला याची वही घरात ठेवावी, आणि ती मिळकतीच्या कागदांइतक्याच जबाबदारीने पुढच्या हाती द्यावी. ते जमणार नसेल तर ज्याला जमेल त्याला घर द्यावे. त्यात कुलाचा अवमान नाही. संन्याशाला घर नाही, म्हणून त्याला हे कर्मही नाही. परंतु ज्याने घर स्वीकारले आणि त्यातले पाणी प्यायले, त्याने त्या पाण्याच्या दोन्ही वाटा, येण्याची आणि जाण्याची, आपल्या हयातीपर्यंत नीट राखणे हा त्याचा धर्म आहे. आणि हे कर्म कधी संपत नाही, यात त्याचे वैगुण्य नसून संध्येच्या आणि अग्निहोत्राच्या पंक्तीला बसण्याची त्याची योग्यता आहे.